चिमण्यांची मोरी

"हल्ली त्यांचं जरा तसंच आहे," असं मुलगी दुकानातल्या बाईला म्हणाली, आणि ते मिस्त्रीला ऐकू आलं. ऐकू जाऊ नये अशाच बेताने ती म्हणाली होती, मान वळवून, आवाज खाली घेऊन. पण चाळीस वर्षं फरशी कापायच्या मशीनशेजारी काढूनही मिस्त्रीचे कान ठणठणीत होते, आणि या गोष्टीचा त्याला वेगळा अभिमान होता. तो त्या वेळी एका गुडघ्यावर बसला होता. समोर शिंपल्याच्या आकाराचं, निळ्या चकचकीत झिलईचं एक भांडं होतं, पक्ष्यांनी आंघोळ करावी म्हणून बागेत ठेवतात तसलं, आणि मिस्त्री त्यात आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून बघत होता. हे चौथं. आधीच्या तिन्हींत ओतलेलं पाणी तसंच होतं, आणि दुकानातली बाई हातात फडकं घेऊन त्याच्या मागून फिरत होती. कुंड्या, खताच्या पिशव्या, झारे आणि कोपऱ्यात ही भांडी, असं ते दुकान. तो उठला नाही. ऐकलं नाही असं दाखवायचं तर हातातलं काम चालू ठेवावं लागतं, म्हणून त्याने बाटलीतलं उरलेलं पाणीही ओतलं, त्यात बोट बुडवलं, आणि मोठ्या गांभीर्याने ते बोट कपड्याला पुसलं. तसंच म्हणजे कसं, हे त्याला वळून विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. ती लहानपणापासूनच तशी होती.

वास्तविक तो काय बघतोय ते त्याने दुकानात शिरल्याशिरल्या सांगितलं होतं. चिमणीला पोहता येत नाही. चिमणी पाण्यात उडी मारत नाही, पाण्यात चालत जाते. काठावर उतरते, इकडे बघते, तिकडे बघते, एक पाऊल टाकते, मग दुसरं, आणि पोटाला पाणी लागलं की थांबते, अंग फुगवते आणि पंख झाडायला लागते. त्याने हे हजार वेळा बघितलं होतं, कारण बांधकामावर जिथे पाणी मारतात तिथे चिमण्या येतात, आणि ओल्या कोब्यात जिथे खळगा राहिलेला असतो बरोबर तिथेच आंघोळीला बसतात. कच्च्या गवंड्याचं काम तपासायचं असेल तर चिमण्या कुठे बसल्यात ते बघावं, असं तो म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या कामावर त्या कधी बसल्या नाहीत. तर काठाशी नखभर पाणी, मध्ये तीन बोटं, दोन्हींच्या मधला उतार सावकाश, आणि अंग खरखरीत, म्हणजे पाय घसरायला नको. एवढी साधी गोष्ट. इथे मात्र सगळ्या वाट्याच वाट्या होत्या, वरण वाढायच्या. काठ संपला की सरळ खाली, आणि वरून ती झिलई. "बाई, यात चिमणी आंघोळ नाही करायची, जीव देईल," तो म्हणाला होता. "काका, हे शोभेचं असतं," बाई म्हणाली, "लोक पाणी घालतातच असं नाही." "मग पक्ष्यांनी काय करायचं? नुसतं बघून जायचं?" यावर बाई हसली होती. मुलगी हसली नव्हती. ती दोन भांड्यांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "बाबा, हे की ते?" तिचं चष्म्याचं दुकान होतं. ती स्वतः डोळे तपासायची. दिवसभर माणसांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायची, हे स्पष्ट की ते? आता? आणि आता? त्या आवाजात फार धीर असायचा, आणि समोरच्याला नीट दिसत नाहीये हे आधीच धरून चाललेलं असायचं. तो आवाज तिने आज बापाला लावला होता.

गाडीत बायको मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या टाचा दुखायच्या म्हणून ती दुकानात आलीच नव्हती. "काय हो, रिकाम्या हातांनी?" ती म्हणाली. "पसंत नाही पडलं," तो म्हणाला. "स्वतःचं लग्न एका दिवसात ठरवलंत, आणि भांड्याला तीन रविवार?" बायको म्हणाली. "तेव्हा पाणी ओतून बघायची सोय नव्हती," तो म्हणाला, आणि बायको मागे खुदखुदली. मुलगी गाडी चालवत म्हणाली, "असू दे, पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात जाऊ. घाई काय आहे?" ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडणारी होती. दहावीत असताना एका गणितावरून तिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला होता, आणि गणित त्याचं बरोबर निघालं होतं. आता ती त्याच्यावर चिडत नव्हती. कधीपासून चिडत नव्हती, हे तो खिडकीतून बाहेर बघत आठवू लागला, आणि उत्तर फार पटकन सापडलं. चावीपासून.

चावीचं असं झालं होतं. सात महिन्यांपूर्वी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्या सोडल्या होत्या, एकतीस वर्षांनी, आणि मुलीच्या घरी राहायला आले होते. जावई सज्जन, घराला मागे परस, सगळं मनासारखं. पुढे एका सकाळी तो पेपर आणायला बाहेर पडला, पेपर घेतला, पहिल्या पानावर कुठल्याशा पुलाला तडा गेल्याची बातमी होती ती वाचत वाचत चालू लागला, आणि पाय आपले त्यांच्या ओळखीच्या वाटेने गेले. तीन जिने चढला. खिशात राहिलेली जुनी चावी काढली. कुलपाला लावली. आतून एका अनोळखी बाईने दार उघडलं. तो हसला, ती हसली, तिने पाणी दिलं, आणि तो खाली उतरेपर्यंत तिने घराच्या कागदांवरच्या नंबरवर मुलीला फोनही केला होता. पुलाची बातमीच तशी होती, असं त्याने घरी सांगितलं. पाय जुने, घर नवं, यात काय मोठंसं. सगळ्यांनी ते मान्य केलं. जरा जास्तच चटकन मान्य केलं. त्याने एक मात्र कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही: की दार उघडण्याआधी तो तिथे बराच वेळ उभा होता. चावी फिरत नव्हती, आणि ती का फिरत नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि तो कुलपावर रागावला होता. कुलपाला तो चक्क बोलला होता. तेवढा वेळ, मिनिट असेल, दोन असतील, आपण हे घर सोडलंय ही गोष्ट त्याच्या डोक्यात नव्हतीच. आता गाडीत बसल्या बसल्या त्या मिनिटाची आठवण झाली. मुलगी म्हणाली ते खोटं असतं तर त्याला राग आला असता. राग येत नव्हता; भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याचा मात्र राग येत होता.

आणि तो काही असातसा माणूस नव्हता, हेही खरं होतं. हे दुसरं कोणी म्हणत नसेल तर आपणच म्हणायला काय हरकत आहे? फरशी बसवणारे पुष्कळ असतात. सरळ रेषेत फरशी कोणीही लावतो, दोरी धरली की झालं. खरं काम न्हाणीघरात, मोरीत, जिथे पाणी पडतं तिथे. तिथे फरशी सपाट दिसायला हवी आणि सपाट असता कामा नये. पाण्याला ढकलायचं नाही, त्याला आपल्या पायांनी जाळीपर्यंत जाऊ द्यायचं. याला ढाळ म्हणतात, आणि साऱ्या ठेकेदारांत त्याचं नाव ढाळमिस्त्री असंच पडलं होतं. एकदा पोहण्याच्या तलावाशेजारची कपडे बदलायची खोली होती, साठ फूट लांब, आणि पाणी जायला वाट एकच, पार शेवटच्या टोकाला. इंजिनिअर म्हणाला, हे होणार नाही, मध्ये दोन जाळ्या आणखी टाका. मिस्त्री म्हणाला, मला अकरा दिवस द्या आणि मध्ये मध्ये बोलू नका. बाराव्या दिवशी इंजिनिअरने बूट काढले, मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी साठ फूट चालत गेला, आला, परत गेला. "मिस्त्री, ढाळ आहे कुठे? पायाला तर लागत नाही." "पायाला लागला तर तो ढाळ नव्हे साहेब, ती घसरगुंडी." मग या टोकाला एक बादली ओतली. पाणी जरा थबकलं, आणि मग चालायला लागलं, घाई नाही, गडबड नाही, सगळंच्या सगळं, आणि त्या टोकाला जाऊन नाहीसं झालं. मागे फरशी नुसती ओलसर, कुठे थेंब साचलेला नाही. इंजिनिअर तिथेच बाकावर बसून राहिला होता. त्या दिवशी मिस्त्री घरी आला तो शीळ घालत, आणि दोन जिने चढल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला शीळ घालता येत नाही, नुसती हवा जातेय.

हे सगळं मुलीला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ती सहा-सात वर्षांची असताना दर रविवारी तो तिला पुऱ्या झालेल्या कामावर न्यायचा. रिकामी घरं, रंगाचा वास, खिडक्यांना चिकटवलेले कागद. तो उंबऱ्याशी मग भरून तिच्या हातात द्यायचा, ती तो दोन्ही हातांनी धरून ओतायची, आणि पाणी निघालं की त्याच्या बाजूने उकिडवी चालत चालत, ते जाळीत जाईपर्यंत आकडे म्हणायची. अमक्या घरी सव्वीस, तमक्या घरी एकतीस. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर ही म्हणाली होती, पाण्याला रस्ता दाखवतात. आणि बाईंना वाटलं, पाटबंधारे खात्यात साहेब आहेत. ती गोष्ट बायको अजून पाहुण्यांना सांगायची. तीच ही मुलगी. मिस्त्रीला वाटलं, माणसाचं काम कितीही चोख असलं तरी ते पायाखाली जातं. त्याने बसवलेल्या फरश्यांवर या घटकेला या शहरात शेकडो माणसं तोंड धूत असतील, आणि पाणी कुठे जातं हे एकाच्याही मनात येत नसेल. येत नाही यातच सगळं आलं. पाणी तुंबलं तर मिस्त्रीची आठवण होते, आणि त्याची आठवण कोणाला झालीच नव्हती. आतापर्यंत त्याला याचा गर्वच वाटत आला होता. त्या रविवारी, जेवण झाल्यावर, सगळे आपापल्या खोल्यांत गेल्यावर, पहिल्यांदाच त्याला वाटलं की एखादं तरी काम असं हवं होतं, जे दिसेल.

सोमवारी मुलगी आणि जावई कामावर गेले आणि त्याने पलंगाखालून हत्यारांची पिशवी ओढली. घर सोडताना ती कोणाला तरी देऊन टाकायची असं ठरलं होतं. देणं राहून गेलं होतं; म्हणजे त्याने राहू दिलं होतं. थापी होती, लाकडी गुटका होता, पट्टी होती, लेव्हलची नळी होती, कडक नळीचे दोन-चार बारकेसारके तुकडे होते. परसात कुंपणाच्या डागडुजीतलं अर्धं पोतं सिमेंट पडलं होतं, कोपऱ्यात वाळूचा लहानसा ढीग होता, आणि कुंडी ठेवायची एक लोखंडी तिवई नुसतीच गंजत उभी होती. जुन्या पिंपाचं झाकण मिळालं, गोल, चांगलं दीड हात रुंद, कडेला वर आलेलं. साचा झाला. स्टूल घेऊन तो परसात बसला, गुडघ्याला समजावलं, आणि घमेल्यात कोरडी वाळू आणि सिमेंट एकत्र करायला लागला तेव्हा तळहातांना त्या दोघांचा स्पर्श झाला आणि त्याला एकदम हसू आलं. सात महिने हे हात नुसतेच बाह्यांतून लोंबत होते. पाणी थोडं, फारच थोडं. मुठीत दाबलं की लाडवासारखं राहायला हवं आणि बोट लावलं की फुटायला हवं. झाकणाला आतून तेल. मध्यावर नळीचा वीतभर तुकडा, त्यालाही तेल, गुण्या लावून काटकोनात सरळ उभा. मग मालाचा पहिला थर, त्यावर तारेचा तुकडा अंथरून दुसरा थर, आणि मग खरं काम, काठापासून मध्यापर्यंत पट्टी फिरवत, एक डोळा मिटून, माल इथून काढ, तिथे घाल, पुन्हा पट्टी. गुडघा ओरडत होता, त्याने लक्ष दिलं नाही.   

साडेदहाला बायको चहा घेऊन आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"मोरी."

"कोणाची?"

"चिमण्यांची."

बायकोने वाकून बघितलं. सगळीकडून बघितलं. तिने आयुष्यात त्याची पुष्कळ कामं बघितली होती आणि वाईटाला चांगलं म्हणायची तिला सवय नव्हती. "आडोसा नाही केलात?" ती म्हणाली, "बायका-चिमण्या येतील, त्यांनी काय उघड्यावर आंघोळ करायची?" तो म्हणाला, "कावळ्याला आधीच सांगून ठेवलंय, तोंड फिरवून बसायचं." बायको हसली, त्याच्या कपाळावर उडालेलं सिमेंट पदराने पुसलं, आणि जाता जाता थांबून म्हणाली, "तिला सांगायचं का?" म्हणजे मुलीला काय वाटतंय ते बायकोलाही माहीत होतं. ती दुकानात नव्हती, पण घरात तर होती. "नको," तो म्हणाला. "रविवारी दाखवीन."  चहा त्याने तसाच सिमेंटच्या हातांनी घेतला, आणि इतका चांगला चहा आपल्या घरी बऱ्याच दिवसांत झाला नाही असं त्याला वाटलं.

दुपारी माल जरा धरल्यावर त्याने नळीचा तुकडा हलकेच फिरवून काढला, कड बोटाने गोल केली, आणि सगळ्या अंगावरून लाकडी गुटका फिरवला, गुळगुळीत नाही करायचं, खरखरीत ठेवायचं, पण टोचणार नाही असं. मग ओलं पोतं. पाच दिवस तो सकाळ-दुपार-संध्याकाळ पोत्यावर पाणी मारत होता. काम होतं ते बनवण्यात नव्हतं, या पाणी मारण्यात होतं. लोकांना वाटतं सिमेंट वाळतं, ते वाळत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, आणि त्याला तहानलेलं ठेवलं तर तडा जातो. मुलीने एकदा विचारलं, बाबा, तिकडे पोत्याखाली काय आहे? तो म्हणाला, गंमत. तिने बरं म्हटलं, आणि जावयाकडे बघितलं. ते बघणं त्याने बघितलं. पण त्या आठवड्यात त्याला ते लागलं नाही. तो आठवडाभर सकाळी उठायचा तो कुठेतरी पोचायचं असल्यासारखा. दाढी रोज केली, पेपर आणायला गेला आणि सरळ घरी आला, आणि येताना रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाच्या पायरीकडे बघत आला. कुठे पाणी तुंबतं, कोणाचा ढाळ उलटा पडलाय. काय लोक कामं करतात! असं मनाशी म्हणताना त्याला फार बरं वाटत होतं.

रविवारी मुलगी गाडीची चावी बोटात फिरवत आली आणि म्हणाली, "चला बाबा, आज दुसरं दुकान. तिथे म्हणे दगडी असतात." तो म्हणाला, "ठेव ती चावी." त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की तिने खरंच ती ठेवली. चौघंही परसात आली. भांडं त्याने सकाळीच साच्यातून काढून तिवईवर चढवलं होतं, तिवईच्या पायांखाली चिपा सारून पातळी धरली होती, आणि वर पुन्हा पोतं घातलं होतं. जराशी नाटकी गोष्ट होती, पण माणसाने कधी करायची मग? त्याने पोतं ओढलं. करड्या रंगाचं, गोल, पसरट, काठाकडून मध्याकडे असं हलके हलके उतरत गेलेलं, की डोळ्याला वाटावं सपाटच आहे.  मुलीने पुढे होऊन तळहात टेकवला आणि काठापासून आत फिरवला, अगदी सावकाश, आणि मिस्त्रीच्या छातीत काहीतरी मोठं झालं. "हे तुम्ही घरी केलंत?" जावई म्हणाला. "बाजारात मिळत नाही ना," मिस्त्री म्हणाला, आणि भरलेला मग मुलीच्या हातात दिला. "ओत."

तिने ओतलं. पाणी सगळ्या बाजूंनी निघालं, कुठे रेंगाळलं नाही, कुठे फुटलं नाही, चहूकडून सारखं मध्याला आलं, एक गिरकी घेतली, आणि भोकातून खाली गवतावर पडून गेलं. भांडं रिकामं. "बघ," मिस्त्री म्हणाला, "एक थेंब मागे नाही!" आणि मग त्याने त्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

पाच दिवस ते भोक त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने ते स्वतः केलं होतं, त्याची कड घोटली होती, त्यातून पलीकडचं गवतही बघितलं होतं. आणि ते त्याला दिसलं नव्हतं. "म्हणजे... साफ करायला बरं," जावई म्हणाला, बिचारा भला माणूस. "मला तरी कुठे दिसलं?" बायको घाईघाईने म्हणाली, "मी तर सोमवारपासून बघतेय. मोरीला भोक असायचंच." मुलगी त्याच्याकडे बघत होती. धीराने. "असू दे बाबा," ती म्हणाली, "छान झालंय. आपण यात रोप लावू. पाण्यासाठी घेऊ ना एखादं." कोणी तो शब्द उच्चारला नाही, हल्ली, पण तो परसात चौघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मिस्त्रीला ते तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप दिसलं. तेच पुन्हा. तसाच उभा राहिलो आपण, चावी लावत, आणि कळलं नाही. त्याने ओल्या काठाला हात धरला आणि डोळे मिटून सोमवार शोधायला लागला. सोमवार सापडला. सगळा सापडला. नळीचा तुकडा पिशवीच्या कोणत्या कप्प्यातून काढला ते, त्याला एका बाजूला जुन्या कामातलं पांढरं सिमेंट लागलं होतं ते, तेल कमी पडलं म्हणून बोट पुन्हा बाटलीत घातलं ते, गुण्या लावताना कुंपणावर मांजर होतं ते. मिनिट न् मिनिट जागच्या जागी होतं. कुलपापाशी काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. इथे उलट सगळं होतं, चाळीस वर्षं होती. त्याने डोळे उघडले.

"असू दे नाही," तो म्हणाला. "दुकानात तू त्या बाईला काय म्हणालीस ते मी ऐकलंय." मुलीचा चेहरा उतरला. "थांब, मला बोलू दे. घर सोडल्याचं मी विसरलो ते खरं. त्या दारात मी उभा होतो आणि चावी का लागत नाही ते मला कळत नव्हतं, हेही खरं. हे तुम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं, आता सांगतो. त्याला जे काय म्हणायचं ते म्हणा, ज्या डॉक्टरकडे न्यायचं तिकडे न्या, मी येतो. पण हे भोक त्यात धरायचं नाही. ढाळ भोकापासून मागे मागे काढत यायचा असतो. भोक नसेल तर सुरुवात कुठून करायची ते माझ्या हाताला माहीतच नाही. मी जन्मभर पाणी घालवायलाच शिकलो, ठेवायला कधी केलंच नाही काही. हे मी विसरलो म्हणून झालेलं नाही. मला काही म्हणजे काही विसरता येत नाही म्हणून झालंय."

एवढं लांबलचक तो घरात कधी बोलला नव्हता. जावई मगाकडे बघत होता. मुलगी अचानक, रविवारच्या चांगल्या कपड्यांनिशी, ओल्या गवतावर बसली, तिवईच्या पायांमधून हात वर घातला, आणि खालून भोकावर अंगठा दाबून धरला.

"ओता," ती म्हणाली.

त्याने ओतलं. मग दुसरा मग. मग तिसरा. पाणी मध्याला जमलं, तिथून फुलत फुलत बाहेर आलं, काठाकडे सरकलं, आणि थांबलं. वारा नव्हता. मिस्त्री वाकला. काठाच्या आत बरोबर एक नख जागा सोडून पाण्याची कड उभी होती, आणि तो भांड्याभोवती गोल फिरला तरी ते एक नख कुठे पाऊण झालं नाही की सव्वा झालं नाही. हे त्याने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. पाणी नेहमी निघून जायचं. ढाळ बरोबर आहे हे त्याला पाणी गेल्यावर कळायचं, आणि बघायला काही उरायचंच नाही. आज ते थांबलं होतं आणि त्याच्या हाताने काय काय केलं ते सगळं जसंच्या तसं सांगत होतं. ते त्याचं होतं. त्याच्या बायकोनेही भांड्याभोवती एक फेरी मारून बघितलं.

"बाबा," मुलगी खालून म्हणाली. तिला वरचं काही दिसत नव्हतं. "मी तसं म्हणायला नको होतं. मला भीती वाटते हो."

"मलाही वाटते," तो म्हणाला.



"पाणी बाहीत शिरलंय, पार कोपरापर्यंत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडका होता आणि चिडकाही होता, चांगला खणखणीत चिडका. "किती वेळ धरू अशी? झालं का तुमचं बघून?"

"नाही," मिस्त्री म्हणाला, आणि स्टूल ओढून बसला.